ॲग्नेस स्मेडलीची तीन केळी

वर्गातल्या हुशार मुलीला एका श्रीमंत वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं येतं. मुलगी गाडीवानाची. भेट काय न्यायची म्हणून ती आईच्या मागे लागते आणि पैशांची ओढाताण असलेली आई नाइलाजाने तीन केळी घेऊन देते. मुलीच्या लेखी याहून मोठी भेट नाही, कारण केळी तिच्या घरात सहसा येतच नाहीत. मग ती त्या बंगल्यात पोचते. टेबलावर पुस्तकं, हातरुमाल, चांदीच्या वस्तू मांडलेल्या असतात. त्यांच्या शेजारी तिला आपली तीन केळी ठेवावी लागतात. बाकीची मुलं जे खेळ खेळतात ते तिला येत नाहीत. थोड्या वेळाने, घरी जायला हवं असं काहीतरी पुटपुटत ती तिथून निघते.

हा प्रसंग 'डॉटर ऑफ अर्थ' या १९२९ सालच्या अमेरिकन कादंबरीतला. नायिकेचं नाव मेरी रॉजर्स असलं, तरी ती बरीचशी लेखिका स्वतःच आहे. लेखिका ॲग्नेस स्मेडली. गरिबीवर लिहिणारे पुष्कळ असतात, पण केळी किती होती हे सांगून थांबणारे थोडे. तिथे रडणं नाही, श्रीमंतांना शिव्या नाहीत. तीन म्हटलं की पुरे, पुढचं वाचणाऱ्याला कळतं. या बाईबद्दल मला लिहावंसं वाटलं ते या 'तीन'मुळे.

तिचं नाव माझ्यासमोर आलं ते मात्र भलत्याच वाटेने. मी सोलापूरची. आमच्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव शाळेतच कानावर पडतं. चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, हेही घरोघरी माहीत. पण १९३८ साली भारतातून डॉक्टरांचं पथक चीनला जावं, हे मुळात ठरलं कसं? ते शोधायला बसले आणि चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंना लिहिलेल्या पत्रापाशी पोचले. त्या पत्रामागे टाइपरायटर घेऊन बसलेली ही अमेरिकन बाई होती. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचत आलेय.

ॲग्नेसचा जन्म २३ फेब्रुवारी १८९२चा, मिसुरी राज्यातल्या ऑसगूड या खेड्यातला. बाप चार्ल्स हा बोलघेवडा, गाणारा, स्वप्नं बघणारा माणूस. शेतीत भागेना म्हणून कुटुंब कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला आलं. तो भाग कोळशाच्या खाणींचा आणि मालक म्हणजे खाणकंपन्या. बाप घोडागाडीने माल वाहायचा. काम करून घेतल्यावर कंपनी हिशेबात अशी काही कलमं काढायची की हातात फार थोडं पडायचं, आणि त्यातलं बरंचसं दारूत जायचं. १९०४मध्ये पर्गटॉयर नदीला पूर आला आणि होतं ते किडुकमिडुकही गेलं. आई सारा लोकांचे कपडे धुवायची आणि खाणावळ चालवायची. ॲग्नेस लहानपणापासून परक्या घरांतली कामं करत होती.

कादंबरीतला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यातली आई वाफेने भरलेल्या स्वयंपाकघरात धुण्याच्या टबावर वाकलेली असते. ती फार बोलत नाही, तिचे हात सुजलेले असतात, पोरांवर तिचा हातही उठतो. ॲग्नेसने आईला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. आईने विनाकारण मारलं, खोटारडी ठरवलं, हेही ती लिहिते. आणि त्याच आईचा एक प्रसंग असा आहे की वाचताना ऊर भरून येतो. कोलोरॅडोत बायकांना १८९३पासून मताचा अधिकार होता. निवडणूक होते. मत कुणाला दिलंस, हे नवरा दरडावून विचारतो आणि ही बाई सांगत नाही. धमकावलं तरी सांगत नाही. घरात दुसरी कुठलीच गोष्ट तिच्या हातात नव्हती, हे मत होतं. दुसऱ्या एका दिवशी बाप दोराचा दुपेडी फटका मारायला धावतो आणि पोरगी मध्ये उभी राहते. बाप थबकतो. तिथून पुढे ॲग्नेस आयुष्यभर याच जागी उभी दिसते, आडवी, मध्ये. त्या मध्ये उभं राहण्याची किंमत काय असते, हे तिला वेगळं कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

कादंबरीत एक मावशीही आहे, हेलन. दिसायला देखणी, स्वभावाने तेज. ती घरात पैसे आणते आणि ते ती शरीर विकून कमावते. मुलगी या दोघींना शेजारी ठेवून बघते. एकीचं लग्न झालंय, तिला नवऱ्याच्या परवानगीशिवाय पैही मिळत नाही. दुसरीला लोक नावं ठेवतात, पण स्वतःच्या पैशाने ती बहिणीच्या पोरांना कपडे घेते. त्यांतली प्रतिष्ठित कोण? पोरीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की लग्न नको. १९१०मध्ये आई वारली. पोटाला नीट न मिळालेली बाई, वय चाळिशीही नाही.

पुढची काही वर्षं भराभर जातात. शाळा पूर्ण न करताच परीक्षा देऊन सोळा-सतराव्या वर्षी न्यू मेक्सिकोच्या खेड्यात मास्तरीण. मग ॲरिझोनात टेम्पीच्या अध्यापक विद्यालयात काही महिने. १९१२मध्ये अर्नेस्ट ब्रंडिन या भल्या माणसाशी लग्न झालं, दोन गर्भपात झाले, आणि लग्न मोडलं. नवरा वाईट नव्हता. तिला भीती होती आईच्या जागी जाऊन बसण्याची. सॅन डिएगोत नोकरी होती, समाजवादी विचारांपायी तीही गेली. मग न्यूयॉर्क.

न्यूयॉर्कमध्ये तिला लाला लजपतराय भेटले. लालाजी तेव्हा अमेरिकेत अडकून पडले होते, महायुद्ध चालू होतं, ब्रिटिश त्यांना परत येऊ देत नव्हते. त्यांनी या तडकभडक मुलीला हिंदुस्थानचा इतिहास शिकवायला घेतलं, वाचायला लावलं, आपल्या कामात मदतीला ठेवलं. तिला शिक्षक म्हणावं असा मिळालेला पहिला माणूस तोच असावा. कादंबरीत सरदार रणजीत सिंग या नावाने जी व्यक्तिरेखा येते, तिच्यामागे लालाजी आहेत. लालाजी सनदशीर मार्गाचे, पण त्यांच्याभोवती वावरणारे काही तरुण क्रांतिकारक होते आणि ॲग्नेस त्यांच्याकडे ओढली गेली. त्यांचे निरोप आणि कागदपत्रं ती सांभाळू लागली. मार्च १९१८मध्ये तिला अटक झाली. हेरगिरीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवले गेले, आणि संततिनियमनाची माहितीपत्रकं सापडल्याचं कलमही सोबत लागलं. 'टूम्स' नावाच्या तुरुंगात ती काही आठवडे होती. नंतर जामीन मिळाला, पुढे आरोप मागे घेतले गेले.

तुरुंगात तिने जे पाहिलं त्यावर 'सेल मेट्स' या नावाने लहान लहान लेख लिहिले. तिच्या लेखणीची पहिली खरी ओळख मला तिथे पटते. त्यात किटी मॅरियन आहे, संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून तुरुंगात टाकलेली. रोज सकाळी फरशी पुसायची बादली घेऊन ती दगडी बोळातून खडखडत येते आणि संततिनियमनाचा जयजयकार करते, आणि कैदी बायकांबरोबर पहारेकरणीही तो जयजयकार परतवतात. त्यात चोरीच्या, खोट्या सह्यांच्या गुन्ह्यात आलेल्या बायकाही आहेत. ॲग्नेस स्वतः राजकीय कैदी होती, पण म्हणून तिने आपली पंगत वेगळी मांडलेली नाही. आपल्याकडच्या तुरुंग-आठवणींत मला हे क्वचित दिसतं. राजबंदी इतर राजबंद्यांबद्दल भरभरून लिहितात, आणि शेजारच्या बराकीतला भुरटा चोर बहुतेक वेळा बिननावाचा राहतो.

१९२०च्या अखेरीस एका मालवाहू जहाजावर काम करत ती युरोपला निघाली आणि बर्लिनला पोचली. तिथे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे भाऊ. सगळे त्यांना 'चट्टो' म्हणत. अनेक भाषा येणारे, अत्यंत बुद्धिमान, बर्लिनमधल्या हिंदी क्रांतिकारकांचे कर्तेधर्ते. दोघं नवरा-बायकोसारखे राहू लागले. कायदेशीर लग्न शक्य नव्हतं, कारण चट्टोंचं आधीचं लग्न कागदोपत्री उभं होतं. १९२१मध्ये रशियाची मदत मागायला बर्लिनचं जे शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं त्यात ही दोघं होती. भूपेंद्रनाथ दत्त होते, आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. मराठी वाचकाला खानखोजे माहीत असतात, पण त्याच खोलीत बसलेली ही अमेरिकन बाई माहीत नसते.

आता थोडं कडू. बर्लिनमधली ती वर्षं ॲग्नेसच्या आयुष्यातली सर्वांत वाईट वर्षं होती आणि त्याला आपली माणसं कारण होती. घर म्हणजे धर्मशाळा. केव्हाही कुणीही यायचं, त्याला जेवू घालायचं, पैसा नसताना. चट्टो संशयी. तिच्या आधीच्या संबंधांची चौकशी, त्यावरून यातना. हिंदी क्रांतिकारकांत तिच्या चारित्र्याबद्दल कुजबुज. कादंबरीत एक पात्र आहे, ह्वान डियाझ. चळवळीतलाच माणूस, तो मेरीवर जबरदस्ती करतो. पुढे तेच प्रकरण तिच्या नवऱ्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरलं जातं, आणि दोष कुणाच्या माथी बसतो? बाईच्या. देश स्वतंत्र करायला निघालेली माणसं घरात बसून एका बाईचा भूतकाळ तपासत होती.

हे वाचून माझ्या ओळखीतल्या काही लोकांना राग आला. परदेशी बाईने आपल्या क्रांतिकारकांना बदनाम केलं, असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. ज्या चळवळीसाठी ती तुरुंगात गेली, जिच्यापायी तिची तब्येत कायमची ढासळली, तिच्याबद्दल खरं लिहिण्याचा हक्क तिने कमावला होता. शिवाय कादंबरीभर ती हिंदी स्वातंत्र्याची बाजू कुठे सोडत नाही. चट्टोंबद्दल तर तिने शेवटपर्यंत आदरानेच लिहिलं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाबरोबर राहता येऊ नये, याची वेदना त्या पानांतून जाणवते. दोन्ही एकाच वेळी खरं असतं: माणूस देशासाठी जीव द्यायला तयार असतो आणि घरातल्या बाईला श्वास घेऊ देत नाही. यातलं एक सांगायचं आणि दुसरं झाकायचं, ते ॲग्नेसला जमलं नाही. मला ती आवडते ती यासाठीच.

१९२०च्या दशकाच्या मध्यात शरीराने आणि मनाने पार मोडून गेल्यावर तिने मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. मग डेन्मार्कच्या समुद्राकाठी जाऊन ती लिहायला बसली. कादंबरी तिथूनच सुरू होते, समोर तो थंड, करडा समुद्र पसरलेला. आपण कुणाला सुख व्हावं म्हणून लिहीत नाही, सौंदर्यासाठी मरणाऱ्यांपैकी आपण नव्हे, दारिद्र्याने थकून मरणाऱ्यांपैकी आहोत, असं ती पहिल्याच पानांत सांगते. आणि तिथेच तिला तुकड्यातुकड्यांची गोधडी आठवते. आयुष्याचे हे तुकडे गोळा करून आपण तशीच एक गोधडी शिवतोय, असं ती म्हणते. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या लेकीला हे सुचावं यात नवल नाही. कादंबरीची घडणही अगदी तशीच आहे. काही तुकडे लखलखीत, काही विटलेले, काही ठिकाणी टाके उसवलेले. शेवटचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. न्यूयॉर्कच्या प्रकरणांत भाषणबाजी आहे. पण खाणवस्तीची पहिली शंभर-सव्वाशे पानं अमेरिकन साहित्यात कुणाच्याही पंगतीला मानाने बसतील अशी आहेत.

पुस्तक छापून आलं तेव्हा ती चीनमध्ये होती. १९२८च्या अखेरीस 'फ्रांकफुर्टर झायटुंग' या जर्मन दैनिकाची वार्ताहर म्हणून ती निघाली. पुढची बारा वर्षं, मधली रशिया-अमेरिकेतली वर्ष-दीड वर्षाची फेरी सोडता, ती चीनची झाली.

पत्रकार म्हणून ती काय करायची, ते बघायचं असेल तर कँटनजवळच्या रेशीम कामगार बायकांवरचा तिचा लेख घ्यावा. त्या भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पुष्कळ मुली लग्न करत नसत. तिच्याबरोबर आलेला सुशिक्षित चिनी गृहस्थ त्यांच्याबद्दल नाक मुरडून बोलत होता: या उद्धट, पैसे उधळणाऱ्या, आपसांत संबंध ठेवणाऱ्या. ॲग्नेसने ते ऐकून घेतलं आणि ती मुलींकडे गेली. तिने बघितलं ते असं. त्यांच्या अंगावर काळे चकाकते रेशमी कपडे आहेत. त्या हातात हात घालून फिरतात, मोठ्याने हसतात. त्यांच्या पगारावर घरं चालतात, म्हणून या भागात मुलगी जन्मली की लोकांना आनंद होतो. आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून त्यांनी संपही केलाय. चीनसारख्या त्या काळच्या देशात मुलीचा जन्म साजरा होतो, याचं कारण संस्कृतीत शोधत बसण्याऐवजी तिने पगाराच्या पाकिटात शोधलं. धुणं धुवून मरून गेलेल्या आईची ही लेक. त्या हसणाऱ्या मुलींकडे बघताना तिला काय वाटलं असेल, हे तिने लिहिलेलं नाही, पण त्या लेखात एरवी तिच्याकडे न दिसणारा एक मोकळेपणा आहे. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल बोलताना बाहेरचे लोक ज्या सुरात बोलतात तो मी लहानपणापासून ऐकलाय. त्या गृहस्थाचा सूर मला लगेच ओळखता आला.

शांघायमध्ये लेखक लू शुन तिचे जवळचे मित्र झाले. १९३०मध्ये त्यांचा पन्नासावा वाढदिवस एका डच उपाहारगृहात साजरा झाला. पोलिसांची नजर चुकवून जमलेल्या त्या समारंभाच्या आयोजनात ती होती आणि बाहेर दारावर पहाराही तिनेच दिला. चिनी प्रजासत्ताकाचे जनक सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांच्याबरोबर तिने राजकीय कैद्यांसाठी काम केलं. याच शहरात तिची रिखार्ड झोर्गे याच्याशी गाठ पडली. तो सोव्हिएत गुप्तहेर होता, पुढे जपानमध्ये फाशी गेला. जपानी पत्रकार ओझाकी होत्सुमी, ज्याने तिची कादंबरी जपानीत नेली, तोही त्याच प्रकरणात फाशी गेला. या ओळखींचा हिशेब तिला आयुष्याच्या शेवटी द्यावा लागला.

डिसेंबर १९३६मध्ये चीनचा सत्ताधीश च्यांग काय-शेकला त्याच्याच सेनापतींनी सियानमध्ये पकडलं, तेव्हा ती त्या शहरात होती. तिथल्या रेडिओवरून ती इंग्रजीत बातम्या देत होती आणि तिचा आवाज जगाला माहीत झाला. पुढच्या महिन्यात ती येनानला, कम्युनिस्टांच्या राजधानीत पोचली. तिथे तिने काय केलं? उंदरांविरुद्ध मोहीम काढली, कारण त्यांच्यामुळे प्लेग होतो. भाजीपाल्याचं बियाणं मागवलं. संततिनियमनाचा आग्रह धरला. पुढाऱ्यांना नाच शिकवला, त्यावरून बायकांत भडका उडाला आणि तिच्या दुभाषी मुलीला माओच्या पत्नीने मारहाण केली. कम्युनिस्ट पक्षात घ्या, असा अर्ज तिने केला, तो नाकारला गेला. तुम्ही बाहेर राहून लिहिलेलं अधिक उपयोगी, असं तिला सांगण्यात आलं. ती ढसाढसा रडली. हिंदी क्रांतिकारकांनी तिला पूर्ण आपली मानलं नाही, चिनी पक्षानेही नाही. अर्थात ती कुठल्या पक्षाच्या शिस्तीत टिकली असती, असं मला वाटत नाही. पण नाकारलं जाण्याचं दुःख त्याने कमी होत नाही.

येनानला संध्याकाळी चू तेह यायचे आणि आपलं आयुष्य सांगायचे, ती टिपून घ्यायची. हे लाल सेनेचे सरसेनापती, पण जन्म कुळाच्या घरातला. जमीनदाराकडे राबणारी आई. एकदा ऐकता ऐकता ॲग्नेसने त्यांना म्हटलं की तुम्ही माझ्याच आईचं वर्णन करताय असं वाटतं. आमचा जमीनदार नव्हता, पण माझी आई श्रीमंतांचे कपडे धुवायची आणि सणासुदीला त्यांच्या स्वयंपाकघरात राबायची. जगातल्या गरिबांचं एकच कुटुंब असतं, अशा अर्थाचं काहीतरी चू तेह बोलले. एरवी मला हे वाक्य घोषणेसारखं वाटलं असतं. इथे दोन माणसं आपापल्या आयांबद्दल बोलताना ते आलंय.

जुलै १९३७मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर ती आघाडीवर गेली. पाठीचं दुखणं घेऊन, कधी घोड्यावर, कधी पायी. तिथे तिला दिसलं की जखमी सैनिक जखमेने मरत नाहीत, उपचार न मिळाल्याने मरतात. डॉक्टर नाहीत, भूल द्यायला औषध नाही, बँडेज धुवून पुन्हा वापरायचं. नोव्हेंबर १९३७मध्ये चू तेह यांचं नेहरूंना पत्र गेलं: औषधं हवीत, शस्त्रक्रियेची हत्यारं हवीत, डॉक्टर हवेत. हे पत्र जावं यासाठी धडपड तिची. तिने स्वतःही नेहरूंना लिहिलं. हिंदी स्वातंत्र्यासाठी एकदा तुरुंगात गेलेल्या बाईचा शब्द होता तो, त्याला वजन होतं.

काँग्रेसने पथक पाठवायचं ठरवलं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अटल, मुखर्जी, बसू, नागपूरचे चोळकर आणि आमचे कोटणीस. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. ते परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या ३२व्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचा उत्तर चीनमध्ये मृत्यू झाला. त्याआधी तिथे त्यांनी लग्न केलं होतं, मुलगा झाला होता, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले होते. त्यांची कीर्ती त्यांचीच आहे, त्यातला कण कुणाला द्यायचा नाही. पण सोलापुरात त्यांची आठवण निघते तेव्हा या बाईचंही नाव निघावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची दोन-तीन वर्षं ती 'मँचेस्टर गार्डियन'साठी लिहीत आणि चिनी रेडक्रॉसच्या वैद्यकीय पथकासाठी औषधं मिळवत मध्य चीनमध्ये फिरली. 'बॅटल हिम ऑफ चायना' या १९४३च्या पुस्तकात हे सगळं येतं. त्यात एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा आहे. गनिमी तुकडीने तो तिच्या दिमतीला दिलेला. आईबाप नसलेला, तिच्यासाठी पाणी तापवणारा, तिची काळजी घेणारा. दोन मुलं पोटातच नाकारलेल्या या बाईने सेनेकडे रीतसर विचारणा केली की मी याला दत्तक घेऊ का. सेनेने सांगितलं, त्यालाच विचारा. पोराने विचार करून उत्तर दिलं की मुलांनी आघाडीवरच राहायला हवं, शेवटचा विजय झाल्यावर मला दत्तक घ्या. एवढं लिहून ती पुढच्या गावाकडे वळते.

१९४१मध्ये आजारी होऊन ती अमेरिकेत परतली. न्यूयॉर्क राज्यातल्या याडो या लेखक-निवासात राहून तिने लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. युद्ध संपलं तसं वारं फिरलं. फेब्रुवारी १९४९मध्ये टोकियोतल्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांच्या मुख्यालयातून आलेला अहवाल लष्कराने प्रसिद्ध केला: ॲग्नेस स्मेडली सोव्हिएत हेर आहे. तिने साफ नाकारलं, खटला भरण्याचा इशारा दिला. थोड्याच दिवसांत लष्कराने कबूल केलं की अहवाल असा प्रसिद्ध करायला नको होता. पण व्हायचं ते झालं होतं. भाषणं बंद, लेख छापणारे गप्प, मित्र दूर.

ती खरंच हेर होती का? रूथ प्राइस या अमेरिकन अभ्यासक बाईने तिच्यावर अनेक वर्षं काम केलं. तिला निर्दोष ठरवावं अशीच त्यांची सुरुवातीची इच्छा होती. २००५मध्ये त्यांचं चरित्र आलं आणि त्यात निष्कर्ष उलटा निघाला: शांघायच्या काळात तिने सोव्हिएत यंत्रणेला मदत केली होती. तो पुरावा मला पटतो. ती खोटं बोलली, हेही मग मान्य करायला हवं. त्याच रशियाने २ सप्टेंबर १९३७ला चट्टोंना गोळी घातली, हे लक्षात घेतलं की ते अधिकच बोचतं. तिने ज्या शक्तीवर भरवसा टाकला तिने तिचा एकेकाळचा जोडीदार गिळला, आणि त्याबद्दल तिने जाहीर जाब विचारला नाही. इतक्या स्पष्टवक्त्या बाईचं हे मौन मला आजही खुपतं. तरी पैशासाठी तिने हे केलं नाही. १९३०च्या दशकात जपान आणि हिटलर यांच्याविरुद्ध जे उभे राहतील ते आपले, असा तिचा हिशेब होता.

नोव्हेंबर १९४९मध्ये ती इंग्लंडला गेली. तिथून चीनला जायचं होतं. पोटाच्या व्रणाच्या शस्त्रक्रियेनंतर ६ मे १९५० रोजी ऑक्सफर्डला ती गेली, वय ५८. आपली रक्षा चू तेह यांच्याकडे पाठवावी, असं तिने लिहून ठेवलं होतं. १९५१मध्ये बीजिंगच्या क्रांतिकारकांच्या दफनभूमीत ती पुरली गेली. चू तेह यांचं अपुरं राहिलेलं चरित्र 'द ग्रेट रोड' १९५६मध्ये निघालं. 'डॉटर ऑफ अर्थ' मात्र अमेरिकेत जवळजवळ विस्मरणात गेली होती, ती १९७३मध्ये 'फेमिनिस्ट प्रेस'ने पुन्हा काढली आणि नव्या पिढीच्या बायकांनी ती डोक्यावर घेतली.

कुणाला वाचायचीच असेल तर सुरुवात त्या कादंबरीपासून करावी. न्यूयॉर्कची प्रकरणं कंटाळवाणी वाटली तरी सोडू नयेत, बर्लिनचा भाग त्यांच्याशिवाय कळत नाही. मग रेशीम कामगारांचा लेख. लाल सेनेवरचं तिचं 'चायनाज रेड आर्मी मार्चेस' शेवटी वाचलं तरी चालेल. त्यातल्या लाल सेनेच्या प्रदेशात ती स्वतः गेलेली नव्हती, इतरांकडून ऐकून लिहिलंय आणि ते कळतं: त्यात माणसं कमी, झेंडे जास्त. सोलापूरकरांनी मात्र 'बॅटल हिम'मधली जखमी सैनिकांची प्रकरणं आधी वाचावीत. कोटणीस ज्या जगात उतरले ते त्यांच्या आगमनाच्या आधी कसं होतं, डॉक्टरविना माणसं कशी मरत होती, ते तिथे जसंच्या तसं लिहिलेलं आहे.